शेवटच्या कॉलेजचं नाव

२६ जून २०२४ची रात्र, ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, म्हणजे एनबीएचे, आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर मंचावर येतात आणि ड्राफ्टमधलं, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतलं, सतरावं नाव वाचतात. लॉस एंजेलिस लेकर्सने निवडलाय डाल्टन कनेक्ट, युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसी. टोपी, हस्तांदोलन, फोटो, पुढचं नाव. पहिल्या दहात जाईल असं बहुतेकांनी धरलेला पोरगा सतराव्या क्रमांकापर्यंत कसा घसरला, यावर लगेच चर्चा सुरू झाली आणि ती रास्तही होती. खटकत राहिला तो त्या घोषणेचा शेवटचा तुकडा. युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसी. कॉलेजात हा मुलगा पाच हंगाम खेळला, त्यातला टेनेसीत फक्त एक. पहिली दोन वर्षं तो स्टर्लिंगला होता. डेन्व्हरहून ईशान्येला दोन तास गाडी हाकली की सपाट माळावर हे गाव लागतं. तिथलं नॉर्थईस्टर्न ज्युनियर कॉलेज (आपली अकरावी-बारावी नव्हे, शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज). पुढची दोन वर्षं ग्रीलीला, नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठात. वारा फिरला की ग्रीलीभर गुरांच्या गोठ्यांचा वास पसरतो, आणि विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये जेमतेम तीन हजार माणसं मावतात. तिथे २०२२-२३च्या हंगामात त्याने सामन्यामागे २०.२ गुण केले, बिग स्काय गटात सर्वांत जास्त. मग एकवीस हजारांहून अधिक खुर्च्यांच्या नॉक्सव्हिलच्या हॉलमध्ये तो गेला, एसईसी गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ३१ मार्च २०२४ला पर्ड्यूविरुद्ध त्याने एकट्याने ३७ गुण केले. समोरच्या झॅक ईडीने ४० केले म्हणून टेनेसी हरली. जगाने कनेक्टला पाहिलं ते या एका हंगामात. पण चेंडू हातात न घेता मोकळी जागा शोधत पळण्याची त्याची सवय, बचावपटूच्या खांद्याला घासून वळणं, हवेत असतानाच पाय जुळवून फेक घेणं, हे सगळं आधीच्या चार वर्षांत घोटलेलं होतं. लग्नानंतर बाईची ओळख करून देताना माहेर गाळावं, तशी ही घोषणा.

यात खोटं कोणी काही बोललं नाही. रिवाजच तसा आहे, शेवटच्या कॉलेजचं नाव घ्यायचं. चार वर्षं एकाच ठिकाणी काढायचा काळ होता तेव्हा तो रिवाज कोणाला टोचलाही नसेल.

आज मात्र आकडे वेगळे आहेत. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या स्तरावर, डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांचे ३६०हून थोडे अधिक संघ आहेत, आणि परवापरवापर्यंत प्रत्येक संघाकडे १३ शिष्यवृत्त्या होत्या. म्हणजे सगळ्या मिळून पावणेपाच हजारांच्या आसपास जागा. २०२४ आणि २०२५, दोन्ही वसंतांत दोन हजारांहून जास्त मुलांनी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नावं टाकली. ७ एप्रिल २०२५ला सॅन अँटोनियोत फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवून कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा सुरुवातीच्या पाच जणांत चार बाहेरून आलेले होते. वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, रूबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटहून. पहिल्यापासून फ्लोरिडाचाच असलेला एकटा अ‍ॅलेक्स कॉन्डन, आणि तोही आला ऑस्ट्रेलियातून. क्लेटनने उपांत्य सामन्यात ऑबर्नला ३४ गुण मारले, आणि अंतिम सामन्याच्या शेवटच्या क्षणी ह्यूस्टनच्या नेमबाजावर तो असा धावून गेला की त्याने हवेत उडी घेऊनही चेंडू न फेकताच सोडून दिला. त्या जूनमध्ये क्लेटन अठराव्या, मार्टिन एकोणचाळिसाव्या आणि रिचर्ड छप्पन्नाव्या क्रमांकावर एनबीएत गेला. तिघांच्याही नावापुढे फ्लोरिडा. रिचर्डच्या बाबतीत ते पटतं, तो तिथे तीन वर्षं होता. मार्टिनने फ्लोरिडा अटलांटिकला २०२३च्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत, नेलं होतं. त्याच्या खात्यात फ्लोरिडाचा एकच हंगाम.

जुनी पद्धत चांगली होती असं म्हणायचा मोह इथे होतो. ती चांगली नव्हती. २०१८च्या ऑक्टोबरात पोर्टल सुरू झालं, त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी नुसतं बोलायलाही आपल्या प्रशिक्षकाची परवानगी लागायची. प्रशिक्षक यादीच द्यायचे, या या विद्यापीठांशी बोलायचं नाही. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना ‘ना हरकत’ प्रमाणपत्राची गंमत ठाऊक आहे. २०२५मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडे जायला ते मागितलं, मिळवलं आणि महिन्याभरात परतही केलं. पण तो कसोटीपटू होता, त्याला नाही म्हणणं कोणालाही जड गेलं असतं. एकोणीस वर्षांच्या, बाकावर बसणाऱ्या मुलाला नाही म्हणणं फार सोपं असतं. कॅम जॉन्सनने तर पिट्सबर्गमध्ये तीन वर्षांत पदवी पूर्ण केली होती, म्हणजे नियमाप्रमाणे त्याला कुठेही जाऊन लगेच खेळता यायला हवं होतं. तरी २०१७मध्ये तो त्याच गटातल्या नॉर्थ कॅरोलायनाला निघाला तेव्हा विद्यापीठाने आधी आडकाठी घातली आणि बरीच ओरड झाल्यावरच वाट मोकळी केली. दोन वर्षांनी तो अकराव्या क्रमांकावर निवडला गेला. आणि त्याच काळात प्रशिक्षक मात्र पगारवाढ घेऊन कुठेही जात होते, एक दिवसही न बसता. क्लेटनचंच बघा. २०२३च्या मार्चमध्ये त्याचे प्रशिक्षक रिक पिटिनो आयोना सोडून सेंट जॉन्सला गेले, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांनी निष्ठेचे धडे कोणाकडून घ्यायचे होते?

दुसरा जाच होता बसण्याच्या वर्षाचा. कॉलेज बदललं की एक हंगाम सामने नाहीत. सराव करायचा, वजनं उचलायची, वर्गात बसायचं. संघ बाहेरगावी निघाला की वसतिगृहात थांबायचं. सरावात या मुलांना ‘स्काउट टीम’मध्ये घालत. पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या चाली पाठ करून आपल्याच पहिल्या पाचांसमोर त्या चालवायच्या. आज यांची नक्कल, उद्या त्यांची. अपमानास्पद काम वाटतं, पण खेळ वाचायला याच्याइतकी चांगली शाळा नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. त्या मोसमात पेसर्सच्या ताफ्यात टी. जे. मॅककॉनेल नावाचा बुटका पॉइंट गार्ड होता. ड्युकेनला दोन वर्षं, मग अ‍ॅरिझोनात एक वर्ष नुसतं बसून, मग दोन वर्षं खेळून, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला. त्याच मॅककॉनेलने २०२५च्या अंतिम मालिकेत बाकावरून येऊन एका सामन्यात १० गुण, ५ असिस्ट आणि ५ स्टील (समोरच्याचा चेंडू चोरणं) घेतले. त्यातले काही स्टील तर समोरचा संघ बेसलाइनवरून चेंडू आत टाकत असताना, मागून येऊन. हे चोरटं शहाणपण तो दुसऱ्याच्या चाली रोज चालवून शिकला असेल, असा माझा तर्क, पुरावा नाही.

डेरिक व्हाइट कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डिव्हिजन टू कॉलेजात तीन वर्षं खेळला, बोल्डरला एक वर्ष बसला, एक खेळला, २०१७ला एकोणतिसावा गेला. २०२४मध्ये बोस्टनचं विजेतेपद आणि ऑलिंपिकचं सुवर्ण, दोन्ही त्याच्या गळ्यात. डंकन रॉबिन्सन विल्यम्स नावाच्या डिव्हिजन थ्री कॉलेजातून मिशिगनला आला, बसला, ड्राफ्टमध्ये वगळला गेला आणि २०२१मध्ये मायामीशी ९ कोटी डॉलरांचा करार करून मोकळा झाला. मॅक्स स्ट्रूस, ऑस्टिन रीव्ह्ज, डेव्हियन मिचेल, सगळे एकेक वर्ष बसलेले. म्हणून ते वर्ष परत आणा असं मी म्हणणार नाही. जे वर सरकले त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक असतात. आणि ते परत येणारही नाही. २०२१मध्ये पहिल्या बदलीपुरतं ते माफ झालं, डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने उरलेल्या बदल्यांवरची बंदी थांबवली, आणि एप्रिल २०२४पासून अभ्यासात पात्र असलेला मुलगा कितीही वेळा बदलून लगेच खेळू शकतो.

आता पद्धत अशी. मुलगा विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला लेखी कळवतो. कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव डेटाबेसमध्ये टाकणं कार्यालयाला बंधनकारक आहे, आणि नाव पडलं की बाकीचे प्रशिक्षक त्याला उघडपणे फोन करू शकतात. शेजारी ‘संपर्क नको’ अशी खूण दिसली तर समजायचं, सौदा आधीच ठरलाय. हे सगळं ठरलेल्या मुदतीत करायचं. बास्केटबॉलला ही मुदत आधी ६० दिवस होती, मग ४५ झाली, आणि २०२५मध्ये ३० होती, म्हणजे २४ मार्च ते २२ एप्रिल. पालकांचा एक घोळ हमखास होतो: ही मुदत नाव टाकण्यासाठी असते, नवं कॉलेज निवडण्यासाठी नसते. एकदा यादीत आलात की निवड मेमध्ये करा नाहीतर जूनमध्ये. मात्र नाव पडल्यावर जुनं कॉलेज सत्र संपताच शिष्यवृत्ती काढून घेऊ शकतं, आणि नाव मागे घेतलं तर परत घ्यायला ते बांधील नसतं. ‘बघू तरी कोण विचारतंय’ म्हणून नाव टाकणारा मुलगा इथेच फसतो. त्याला कोणी विचारत नाही आणि घरचं दारही लागलेलं असतं. खाली डिव्हिजन टूमध्ये जावं तर तिथे अख्ख्या संघाला १० शिष्यवृत्त्या, त्याही तुकडे करून वाटलेल्या.

अभ्यासाकडे चर्चेत कोणी बघत नाही आणि घोटाळे सगळे तिथेच होतात. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०, हे एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचं जुनं गणित. नवं विद्यापीठ क्रेडिट ‘स्वीकारतं’ म्हणजे ती पदवीत धरली जातात असं नाही. तिसऱ्या वर्षाचा मुलगा अभियांत्रिकी सोडून अचानक सामान्य अभ्यासक्रमात दिसला की ओळखावं, टक्केवारी भरून काढायला दुसरी वाट नव्हती. परदेशी मुलांना आणखी एक फेरा. ज्यांच्या घरचं कोणी एमएसला गेलंय त्यांना एफ-१ व्हिसा, आय-२० आणि सेव्हिस या सरकारी डेटाबेसमधली नोंद एका विद्यापीठातून दुसऱ्याकडे ‘रिलीज’ होण्याची तारीख हे सांगायला नको. नायजेरियाचा चिन्येलू असो की नागपूरची विद्यार्थिनी, कागद तेच. आणि एफ-१वर कमाईचे हात बांधलेले. ऑस्कर शीब्वे वेस्ट व्हर्जिनियाहून केंटकीला आला, २०२२मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, तरी संघमित्रांसारख्या जाहिराती त्याला अमेरिकेत करता येत नव्हत्या. त्या ऑगस्टमध्ये संघ बहामाजच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या मातीवर त्याने आपले करार उरकले.

पैशाबद्दल बोलायलाच हवं, कारण एनबीएकडे जायची वाटच पैशाने वळवली आहे. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना जाहिरातींत आपलं नाव-प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेता येतात, आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून पैसे वाटू शकतात, २०२५-२६मध्ये सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता एकवीस वर्षांच्या, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीच्या उंबरठ्यावरच्या मुलाचा हिशेब मांडा. पहिल्या फेरीत निवड झाली तर दोन वर्षांचा पगार पक्का. दुसऱ्या फेरीत कशाचीच हमी नाही. एनबीए आणि तिची दुय्यम जी-लीग, दोन्हीकडे खेळवणारा टू-वे करार मिळाला तर २०२५-२६मध्ये साधारण ६ लाख ३६ हजार डॉलर, तेही जास्तीत जास्त ५० सामन्यांत संघासोबत राहून. नुसत्या जी-लीगच्या करारावर हंगामाचे चाळीस-पंचेचाळीस हजार. आणि मोठं कॉलेज दहा लाखांचं बोलतंय. याक्सेल लेंडेबॉर्ग अ‍ॅरिझोना वेस्टर्न या ज्युनियर कॉलेजातून अलाबामाच्या बर्मिंगहॅमला आला, २०२५च्या ड्राफ्टसाठी नाव दिलं, मेमध्ये मागे घेतलं आणि मिशिगनला गेला. शहाणपणच केलं. २०२१मध्ये ३५३ मुलांनी कॉलेजची वर्षं संपण्याआधीच ड्राफ्टसाठी नावं दिली होती, २०२५मध्ये १०६. दलालांचं मात्र फावलंय. एनबीएच्या करारावर खेळाडू संघटनेने ४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. कॉलेजच्या करारावर अशी मर्यादा नाही, वीस टक्के मागणारेही भेटतात.

पण दरवर्षी संघ बदलून खेळ सुधारतो का? याचं उत्तर मला दोन्ही बाजूंनी देता येतं आणि दोन्ही वेळा ते खरं वाटतं. व्यावसायिक खेळाचं मैदान कॉलेजइतकंच, ९४ बाय ५० फूट, पण त्यातली भूमिती वेगळी. कॉलेजची तीन गुणांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची २३ फूट ९ इंचांवर. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा १२ फुटांचा, तिकडे १६. कॉलेजात उंच बचावपटू त्या पट्ट्यात तंबू ठोकून उभा राहू शकतो. एनबीएत समोर कोणी नसेल तर तीन सेकंदांत त्याला बाहेर पडावं लागतं. म्हणजे बचाव करणाऱ्याला मागे भरवसा ठेवायला कोणी नाही, स्वतःच्या पायांवर अडवायचं. ३० सेकंदांच्या घड्याळात चाल फसली तर दुसरी रचता येते, २४ सेकंदांत नाही. ही जुळवाजुळव सवयीने होते, आणि सवयीला वेळ लागतो. कॉलेज बदललेल्या मुलाला उन्हाळ्यात प्रशिक्षकांसोबत आठ आठवडे मिळतात, आठवड्याला आठ तास. त्यात पिक-अँड-रोलवर, म्हणजे समोरच्याने साथीदाराची आड घेऊन केलेल्या चालीवर, मागे थांबायचं, पुढे धावायचं की माणूस बदलायचा हे नव्याने पाठ करायचं, आणि त्या प्रत्येकाला या कॉलेजात वेगळा इशारा. नवा नेमबाजी प्रशिक्षक कोपर आत घ्यायला सांगतो, गेल्या वर्षीच्याने बाहेर काढायला सांगितलेलं असतं. चेंडूसुद्धा बदलतो, कॉलेजात यजमान संघ आपल्या पसंतीच्या कंपनीचा वापरतो, आणि बोटांना त्याच्या शिवणीची ओळख व्हायला पहिले दोन महिने जातात. चार वर्षांत चार कॉलेजं केलेल्या मुलाची पहिली पावलं बचावात अर्धा क्षण उशिरा पडताना दिसतात. कनेक्टचा बचाव कच्चा राहिला याचं कारण तेच असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्याचा आणि त्याच्या प्रवासाचा काहीच संबंध नाही हेही पटत नाही.

दुसरी बाजू ब्रँडिन पोजेम्स्कीची. इलिनॉयसारख्या मोठ्या संघात पहिल्या वर्षी तो १६ सामन्यांत सरासरी १.४ गुणांवर बसला. मग खाली उतरला, सँटा क्लारात. चेंडू हातात आला, चुका करायची मुभा मिळाली, सरासरी १९.९वर गेली आणि वर्षभरात एकोणिसाव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने त्याला उचललं. त्याच सँटा क्लारात जेलेन विल्यम्स तीन वर्षं मुकाट राहिला आणि २०२२मध्ये बारावा गेला. २०२५च्या अंतिम मालिकेत मॅककॉनेलच्या पेसर्सना हरवणाऱ्या ओक्लाहोमाचा तो दुसरा मोठा आधार. स्टीफन करी डेव्हिडसन या लहान कॉलेजात तीन वर्षं राहिला. आज राहिला असता? मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा चमकल्यानंतर त्याच्या घरी किती फोन गेले असते, कल्पना करवत नाही. गेला असता तरी त्याला दोष कशाला द्यायचा?

दोष द्यायचाच तर हिशेबाच्या वहीला द्यावा. फुटबॉलमध्ये खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या क्लबात गेला की त्या रकमेतला ५ टक्के हिस्सा, बाराव्या ते तेविसाव्या वर्षादरम्यान त्याला घडवणाऱ्या क्लबांना वर्षांच्या प्रमाणात मिळतो. ब्राझीलमधल्या आडगावच्या क्लबालाही धनादेश जातो. एनबीएलाही ही भाषा परकी नाही. युरोपातला खेळाडू करारातून सोडवून आणताना संघ त्याच्या क्लबाला आठ लाख डॉलरांहून जास्त रक्कम स्वतःच्या खिशातून देऊ शकतो, खेळाडूच्या पगाराला हात न लावता. माद्रिदला मिळतं, ग्रीलीला नाही. बदलीच्या वेळीच मोठ्या कॉलेजने लहानाला पैसे द्यावेत अशी सूचना ऐकू येते, पण ती मला धोक्याची वाटते. तो बोजा शेवटी मुलाच्या मोलातून कापला जाईल आणि ‘ना हरकत’चा जाच नव्या नावाने परत येईल. घ्यायचं तर ड्राफ्टच्या दिवशी, लीगकडून, कॉलेजात काढलेल्या वर्षांच्या हिशेबाने. यात अडचणी आहेत. ज्युनियर कॉलेजं एनसीएएच्या छत्राखाली नाहीत, त्यामुळे पैसे कोणत्या खिडकीवर द्यायचे हा पहिला वाद. आणि कॉलेजांना पैसे देणं म्हणजे एनबीएने कॉलेजला आपली शाखा मानणं, जे दोन्हीकडच्या वकिलांना नको आहे. नावं वाचण्याला मात्र वकील लागत नाही.

लहान कॉलेजचे प्रशिक्षक हा वाद ऐकायला थांबलेले नाहीत. मार्चच्या मध्यापर्यंत गटाची स्पर्धा संपते, आठवडाभरात चांगले तिघे-चौघे दारात उभे असतात, आणि त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो, कारण त्यांचंच नाव सांगून पुढचे आणायचे असतात. एप्रिलभर ते दोन प्रकारची पोरं शोधतात: ज्युनियर कॉलेजातली, आणि मोठ्या संघांच्या बाकावर कंटाळलेली. शाळेतून थेट येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलासाठी जागा उरतात त्या या दोघांच्या नंतर. दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे व्हिडिओ फारसे नसतात, सामन्यामागे चार मिनिटं खेळलेला असतो. म्हणून त्याच्या फ्री थ्रोची टक्केवारी आणि शाळेतल्या शेवटच्या वर्षाचे सामने बघतात. तो पसंत पडला की पहिला फोन त्याच्या दलालाला जात नाही. आधी त्याची गुणपत्रिका मागवतात आणि आपल्या निबंधकाकडे देतात: यातली किती क्रेडिटं येतील, आणि आली तर कुठल्या पदवीत बसतील. मुलाला कॅम्पस दाखवायला बोलावायचं ते उत्तर आल्यावर.